पिवळं पाणी, दुधाळ पाणी: एका टाकीसाठी केमिकल मीडिया निवडताना

पार्श्वभूमी

माशांची टाकी गोड्या पाण्याची, १२० × ४० × ५० सेंमी. कागदावर २४० लिटर. पण वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात पाणी सुमारे १९० लिटर. औषध असो वा मीडिया (पाणी शुद्ध करण्यासाठी फिल्टरमध्ये भरायचा माल), मात्रा या दुसऱ्या आकड्यावर काढायची असते. आत २५ कार्डिनल टेट्रा, ८ कोरीडोरास, एक ब्रिसलनोज प्लेको. झाडांमध्ये अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन. फिल्टर तीन बास्केटचा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा), खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलेला. नळाच्या पाण्याचा पीएच ७.६, केएच (पीएच स्थिर धरणारा कार्बोनेट कडकपणा) ३. टाकी वर्षभर नीट चालू होती.

मग मालकाने ड्रिफ्टवुडचे (टाकीत सजावटीला ठेवायच्या लाकडाचे) दोन मोठे ओंडके आत टाकले. भिजवले होते, पण जेमतेम आठवडाभर. तीन आठवड्यांत पाण्याला पिवळी झाक आली आणि पुढे ते कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. मासे मजेत होते, खात होते. तक्रार होती ती फक्त डोळ्यांची.

समस्या कशी वाढली

रंग घालवायला मालकाने एकाच दिवशी तीन गोष्टी केल्या. कॅनिस्टर उघडून स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज नळाखाली खळखळून धुतल्या. जुना कापूस टाकून नवा, दाट कापूस भरला. आणि वरच्या बास्केटमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बनची (विरघळलेली द्रव्यं धरणाऱ्या सच्छिद्र कोळशाची) जाळीची पिशवी ठेवली: अर्धा लिटर कार्बन, न धुतलेला, पिशवी अर्धीच भरलेली. फिल्टर सुरू होताच काळी भुकटी बाहेर आली. ती दुसऱ्या दिवशी बसली, पण रंग होता तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. कार्बन हलक्या दर्जाचा निघाला, असा मालकाचा समज झाला. त्याने पाणी स्वच्छ करणारं बाटलीतलं द्रव्य (क्लॅरिफायर) टाकलं आणि फरक दिसेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं. त्यानंतरच्या सकाळी टेट्रा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते. दोन मेले होते.

त्या सकाळचे आकडे: अमोनिया १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग), नायट्राइट ०.५, नायट्रेट २०, पीएच ६.६, केएच २. फिल्टरच्या नळीखाली १० लिटरची बादली भरायला १५० सेकंद लागले, म्हणजे प्रवाह ताशी २४० लिटर. खोक्यावरच्या आकड्याच्या पावपटीहूनही कमी.

आधी निदान: पाण्यात नेमकं काय आहे

केमिकल मीडिया पाण्यात *विरघळलेल्या* गोष्टींवर काम करतो: रंग, वास, औषधांचे अवशेष, सेंद्रिय द्रव्यं, फॉस्फेट, अमोनिया. पाण्यात *तरंगणारे* कण अडवणं हे त्याचं काम नाही. त्यामुळे कोणता मीडिया घ्यायचा हे ठरवण्याआधी पाणी रंगलं आहे की गढुळलं आहे हे वेगळं काढावं लागतं. इथे दोन्ही एकावर एक चढलं होतं, आणि मालक ते एकच दुखणं समजून औषध करत होता.

त्यासाठी तीन साध्या चाचण्या केल्या.

पहिली, गाळणी. एक ग्लास पाणी कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळलं. कागदावर करड्या रंगाचा थोडा लगदा राहिला. तो क्लॅरिफायरने बांधलेल्या कणांचा होता. खाली आलेलं पाणी मात्र अजून दुधाळ आणि पिवळंच. म्हणजे उरलेला धूसरपणा कागदातून सहज पार होणाऱ्या कणांचा होता. हे बहुतेक वेळा बॅक्टेरिया असतात, आकाराने एक मायक्रॉनच्या आसपास.

दुसरी, थांबून पाहणं. बाटलीभर पाणी रात्रभर हलवलं नाही. मातीचा किंवा वाळूचा गढूळपणा असता तर सकाळी तळाशी थर बसला असता. तसं झालं नाही. पाण्यात हिरवी छटाही नव्हती, त्यामुळे तरंगतं शेवाळ बाद झालं.

तिसरी, बरणी. या प्रकरणाची दिशा हिनेच ठरवली. एक लिटर पाणी पांढऱ्या तळाच्या बरणीत घेतलं, त्यात दोन चहाचे चमचे धुतलेला कार्बन टाकला आणि हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा) लावून चार तास चालवलं. शेजारी तेवढंच पाणी कार्बनशिवाय. पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही वरून पाहिली. कार्बनच्या बरणीतला पिवळेपणा जवळजवळ गेला होता, दुधाळपणा तिळभरही हलला नव्हता.

हा कार्बन मालकाच्याच पिशवीतला होता, तोच ज्याला तो हलक्या दर्जाचा म्हणत होता. माल ठीक होता, चूक त्याच्या मांडणीत होती. अर्धी भरलेली पिशवी बास्केटच्या एका कोपऱ्यात गोळा झाली होती आणि पाणी कमी अडथळ्याच्या वाटेने, म्हणजे पिशवीच्या बाजूने, निघून जात होतं. वर दाट कापूस तुंबलेला, त्यामुळे मुळात पाणीच कमी फिरत होतं.

दुधाळपणाचं कारणही आता सरळ होतं. क्लोरीनच्या पाण्यात धुतल्याने स्पंज आणि रिंग्जवरचे नायट्रिफाय करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे, बॅक्टेरिया बऱ्याच प्रमाणात मेले. अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्यं साचली, आणि त्यावर भराभर वाढणारे दुसरे बॅक्टेरिया पाण्यात फुलले. हे बॅक्टेरिया ऑक्सिजन पितात. त्यात प्रवाह मंदावलेला आणि नायट्राइट चढलेला. मासे वर येण्याला एवढं पुरेसं होतं.

समोर असलेले पर्याय

*दुधाळपणा आणि अमोनियासाठी*

झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) हा पहिला मोह. गोड्या पाण्यात तो अमोनियम खेचून घेतो, आणि आकडा एका दिवसात उतरलेला दिसतो. इथे त्याच्या विरोधात दोन गोष्टी होत्या. एक, ज्या बॅक्टेरियांना पुन्हा उभं करायचं त्यांचंच खाणं तो काढून घेतो, त्यामुळे फिल्टर सावरायला उशीर होतो. दुसरी जास्त गंभीर. नायट्राइटसाठी टाकीत थोडं मीठ घालायचं होतं, कारण क्लोराइड माशांच्या कल्ल्यांमधून नायट्राइट आत जाण्याला आडकाठी करतो. झिओलाइट मात्र मिठाच्या पाण्यात धरलेला अमोनिया सोडून देतो. त्याला पुन्हा वापरण्याजोगं करण्याची रीतच मिठाच्या द्रावणात बुडवण्याची आहे. झिओलाइट आणि मीठ एका टाकीत एकत्र नांदत नाहीत. अमोनिया जास्त चढला असता आणि पीएच ८ च्या आसपास असता, तर झिओलाइट निवडून मीठ सोडणं योग्य ठरलं असतं.

यूव्ही दिवा तरंगते बॅक्टेरिया मारतो आणि पाणी लवकर निवळतं. पण मेलेल्या पेशी कुजतात, त्यालाही ऑक्सिजन लागतो, आणि मूळ कारण, मोडलेला फिल्टर, तसाच राहतो. म्हणून तो मागे ठेवला.

क्लॅरिफायरचा तिसरा डोस हा पर्यायच नव्हता. तो कणांच्या गाठी बांधतो, गाठी कापसात जाऊन बसतात, प्रवाह आणखी घटतो.

उरला पाणी बदलण्याचा मार्ग. प्रश्न होता किती बदलायचं. ८० टक्के बदलावं असं वाटणं साहजिक आहे, पण पीएच पाहिला तर हात आवरतो. पीएच ६.६ आणि २५ अंशांना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.२ टक्के विषारी रूपात असतो, बाकी सगळा अमोनियम. नळाचं पाणी ७.६ चं, तिथे हाच वाटा २ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे दसपट. मोठा बदल करून पीएच झपकन वर नेला तर एकूण आकडा उतरूनही विषारी भाग वाढू शकतो. त्याच कारणाने खाण्याचा सोडा घालून केएच ‘दुरुस्त’ करण्याला नकार दिला. ४० टक्के ठरलं.

*रंगासाठी*

टॅनिनचा, म्हणजे लाकडातून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्यांचा, रंग माशांना अपायकारक नाही. कार्डिनल टेट्रा तर मूळचे गडद पाण्यातलेच. त्यामुळे ‘काहीच करायचं नाही’ हाही खरा पर्याय होता, आणि मालकाला तो पहिल्यांदा सांगितला. त्याला झाडांसाठी उजेड हवा होता, म्हणून पुढचा विचार.

अॅक्टिव्हेटेड कार्बन एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग बाळगून असतो, पण हा मोठा आकडा पाहून माल निवडला तर फसायला होतं. रंध्रांचा आकार महत्त्वाचा. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये बहुतेक रंध्रं अतिसूक्ष्म असतात. क्लोरीन आणि लहान रेणूंसाठी तो उत्तम. टॅनिन आणि ह्युमिक आम्लांचे रेणू मोठे, त्यांना दगडी कोळशाच्या किंवा लिग्नाइटच्या कार्बनची रुंद रंध्रं जास्त मानवतात. पाकिटावर ‘जास्त पृष्ठभाग’ असं मिरवणारा माल लाकडाच्या रंगाला म्हणूनच हमखास उपयोगी पडेल असं नाही.

सिंथेटिक रेझिन, छंदातल्या लोकांच्या तोंडी बहुधा प्युरिजन, विरघळलेली सेंद्रिय द्रव्यं चांगली धरतो, रंग काढतो आणि ब्लीचमध्ये धुऊन पुन्हा वापरता येतो. पण पाण्यात पॉलिमर किंवा अमाइन असलेली द्रव्यं असतील (काही क्लॅरिफायर, माशांच्या अंगावरचा चिकट थर वाढवणारी काही कंडिशनर) तर त्याचे मणी कायमचे बाद होऊ शकतात. इथे क्लॅरिफायर नुकताच दोनदा पडलेला. रेझिन लगेच टाकणं म्हणजे तो वाया घालवणं.

फॉस्फेट काढणारा लोहाचा मीडिया (जीएफओ) मालकाने आणून ठेवला होता. पाणी ‘साफ’ करतो असं त्याला कुणी सांगितलेलं. तो रंगही काढत नाही, धूसरपणाही नाही. बाजूला ठेवला.

काय केलं

पहिले दोन आठवडे रंगाकडे पाहायचंच नाही, असं ठरलं. कार्बनची पिशवी आणि दाट कापूस बाहेर काढले, कॅनिस्टरमध्ये नुसते स्पंज आणि रिंग्ज ठेवल्या. प्रवाह ताशी ५०० लिटरच्या वर आला. हवेचा पंप चोवीस तास. तीन दिवस खाणं बंद, नंतर एकदा आणि अर्धं.

पहिल्या दिवशी ७६ लिटर पाणी बदललं. डिक्लोरिनेटर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रव्य) अमोनिया बांधणारा होता, म्हणून त्याची मात्रा नव्या पाण्यावर न काढता पूर्ण टाकीवर दिली. एक गोष्ट मालकाला आधीच सांगून ठेवावी लागली. बांधलेला अमोनिया सॅलिसिलेट पद्धतीच्या टेस्टमध्ये दिसतच राहतो. आकडा उतरला नाही म्हणून घाबरून दुप्पट मात्रा द्यायची नाही.

मीठ लिटरला ०.१५ ग्रॅम, एकूण सुमारे २८ ग्रॅम. त्यातून लिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड मिळतं, ०.५ पीपीएम नायट्राइटसाठी भरपूर. एवढ्या मिठाने कोरीडोरासना किंवा झाडांना त्रास होत नाही. पुढे नायट्राइट ०.२५ च्या वर दिसेल त्या दिवशी ५० लिटर पाणी बदलायचं आणि त्याबरोबर साडेसात ग्रॅम मीठ परत घालायचं.

दुसऱ्या एका निरोगी, चालू टाकीच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज ओलाच आणून मधल्या बास्केटमध्ये बसवला. सगळ्या उपायांत सर्वाधिक काम बहुधा याच तुकड्याने केलं.

नवव्या दिवशी दुधाळपणा गेला, आणि अठराव्या दिवशी नायट्राइट शून्य. आणखी एक टेट्रा मधल्या काळात गेला.

मग रंग. कार्बनचे दोन नमुने होते, दोन्ही कोळशाचे, दाणा एक ते दोन मिलिमीटर. टाकण्याआधी फॉस्फेटची परीक्षा: डिस्टिल्ड पाण्याच्या ग्लासात एक मोठा चमचा धुतलेला कार्बन, एक तास, मग फॉस्फेट आणि पीएच मोजायचा. एका नमुन्याने १ पीपीएम फॉस्फेट सोडलं आणि पीएच ९ च्या वर नेला. तो नाकारला. दुसऱ्यात फॉस्फेट दिसलं नाही.

धुण्याची रीत: बारीक चाळणीत घेऊन पाणी काळं येणं थांबेपर्यंत, मग तासभर बादलीत बुडवून. बुडवल्याने दाण्यांतली हवा निघते. कोरडे दाणे थेट टाकले तर ते तरंगतात आणि पाणी त्यांना वळसा घालून जातं.

मांडणी बदलली. पाणी आधी जाड स्पंज, मग बारीक स्पंज, मग रिंग्ज, आणि शेवटी कार्बन असं जाईल याची खात्री केली. काही कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर जातं, काहींत उलटं. झाकण उघडून वाट पाहिल्याशिवाय ‘वरची बास्केट’ म्हणजे शेवटची असं धरू नये. पिशवी बास्केटच्या मापाची, सपाट पसरलेली, थर साधारण दोन सेंमी. कडेला स्पंजच्या पट्ट्या खुपसल्या, म्हणजे पाण्याला चोरवाट उरत नाही.

सुरुवात १०० मिलिलिटर कार्बनने केली, आणि त्याच दिवशी दिवा नऊ तासांवरून सहा तासांवर आणला. रंगाचा पडदा एकाएकी हटला की तळापर्यंत उजेड पोचतो आणि संथ वाढणाऱ्या अनुबियासच्या पानांवर शेवाळ चढतं. झाडांचं द्रवखत कार्बन ताजा असताना पहिले काही दिवस थांबवलं, कारण त्यातल्या चिलेटेड (विरघळलेलं राहावं म्हणून बांधलेल्या) लोहाचा काही भाग तो धरू शकतो.

दोन ओंडक्यांपैकी मोठा, ज्यावर झाडं नव्हती, तो बाहेर काढून रोज गरम पाणी बदलत भिजवला. लहानावर अनुबियास बांधलेलं, तो आतच राहिला.

क्लॅरिफायर पडल्यापासून सहा आठवडे झाले आणि मधल्या काळात पाणी अनेकदा बदललं गेलं, तेव्हा कार्बन काढून १०० मिलिलिटर रेझिन बारीक जाळीच्या पिशवीत घातला. मणी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे. साध्या कार्बनच्या पिशवीतून ते सहज निसटतात आणि मग पंपाच्या इंपेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्यांत) सापडतात. पिशवी घातल्यावर १० लिटर भरायला ५५ सेकंद, म्हणजे ताशी सुमारे ६५५ लिटर.

परिणाम

पिवळेपणा चार दिवसांत ठळकपणे उतरला, पण दहाव्या दिवशी पुन्हा चढू लागला. १०० मिलिलिटर कार्बन भरून गेला होता. आणखी १०० घातल्यावर पाणी निवळलं आणि रेझिन येईपर्यंत तसंच राहिलं. रेझिनवर गेल्यावर पाण्याला किंचित सोनेरी झाक उरली, आणि मालकाने ती मुद्दाम ठेवली.

अनुबियासच्या दोन पानांवर हिरवे ठिपके आले, वाढले नाहीत. नायट्रेट १० ते २० पीपीएमवर स्थिर. एकूण तीन टेट्रा गेले, आणि तिन्ही रंगामुळे नव्हे, रंग घालवण्याच्या घाईत.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

बरणीची चाचणी पहिल्याच दिवशी केली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. चार तासांत कळलं असतं की कार्बन चालतो, आणि मग शोध पिशवीच्या बाजूने निघून जाणाऱ्या पाण्याचा घेतला गेला असता. स्पंज टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळणं, आणि रिंग्जना त्याच दिवशी हात न लावणं, एवढ्यानेही अर्धं संकट टळलं असतं.

१०० मिलिलिटरने सुरुवात करणं चूक होतं का, यावर दोन मतं होऊ शकतात. सावधगिरीचा हेतू उजेड हळूहळू वाढवण्याचा होता आणि तो साधला. पण एक ओंडका आत रंग सोडत असताना एवढासा कार्बन आठवडा-दहा दिवसांत संपणार हे दिसत होतं. अनुबियास सोडवून दोन्ही ओंडके आधीच बाहेर काढले असते तर तेवढ्याच कार्बनमध्ये काम झालं असतं. रंगाचा उगम आत ठेवून मीडिया बदलत राहणं हा महागडा मार्ग आहे.

भरलेला कार्बन वेळेवर काढला नाही तर तो सगळं परत पाण्यात ओकतो, अशी भीती घातली जाते. नेहमीच्या टाकीत तसा झपाट्याने परत येण्याचा प्रकार क्वचितच होतो. बहुधा तो निमूटपणे निकामी होतो आणि त्यावर बॅक्टेरिया वसतात. उकळून किंवा ओव्हनमध्ये भाजून तो पुन्हा ताजा होतो हाही गैरसमज. कारखान्यात त्यासाठी ८०० अंशांच्या वरचं तापमान लागतं.

रेझिनचं तसं नाही. मणी पांढरट असतात, भरत जातील तसे तपकिरी होतात. गडद तपकिरी झाले की काढायचे, तारीख पाहून नाही. साधं, सुगंध नसलेलं ब्लीच आणि पाणी समप्रमाणात, प्लॅस्टिक किंवा काचेच्या भांड्यात, २४ तास. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. मग भरपूर धुऊन, डिक्लोरिनेटर सढळ हाताने घातलेल्या स्वच्छ पाण्यात आठ तास. ब्लीचचा वास अजिबात नाही आणि क्लोरीनची पट्टी शून्य दाखवते, तरच टाकीत. लेबल आधी वाचावं, कारण कार्बन किंवा इतर मीडिया मिसळलेलं मिश्रण असं धुता येत नाही.

मोठा ओंडका टाकीत परत केव्हा घालायचा, याची कसोटी मालकाने आता अशी ठेवली आहे: पांढऱ्या बादलीत २४ तास बुडवायचा, शेजारी नळाच्या पाण्याची दुसरी पांढरी बादली. दोन्हींत फरक दिसत असेल तर पुन्हा गरम पाणी.